चेतकच्या फ्लोअरला मिग वेल्डिंग करताना पत्र्याला भोकं पडतात आणि कोपऱ्यात टॉर्च जात नाही, सेटिंग काय ठेवू?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची जुनी बजाज चेतक दुरुस्त करताय, फ्लोअरचा पत्रा गंजून गेलाय आणि त्यासाठी सिंगल फेजचं २०० अँपियरचं मिग मशीन, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवत वेल्ड करणारं मशीन, घेतलंय. पण टाका (ठिपक्याएवढं वेल्ड) मारला की भोक पडतं, आणि ब्रेक पेडलच्या खाली, मधल्या उंचवट्याच्या कडेला टॉर्च (तार आणि गॅस सोडणारी हातातली बंदूक) पोचतच नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करताय, हेही लिहिलंय.

माझं पुण्याजवळ भोसरीत बॉडी दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. गंजलेले फ्लोअर, दरवाजांच्या खालच्या कडा, जुन्या स्कूटरी हेच रोजचं काम. आकडे सांगतो, पण तो आकडा गाडीवर शोधत बसू नका. तेवढ्याच जाडीच्या तुकड्यावर, त्याच कोनात टाके मारून शोधा आणि मगच चेतकला हात लावा. अडचणीच्या जागेचं म्हणाल तर ते बहुतेक वेळा टॉर्चने सुटत नाही. जोड कुठे घ्यायचा हे ठरवतानाच ते सुटतं.

आधी मशीनच्या पोटात बघा. यातली बरीच मशीन सोबत बिनगॅसच्या तारेचं रीळ देतात, आणि त्या तारेसाठी टॉर्च निगेटिव्हला जोडलेला असतो. तुम्ही गॅस लावून साधी तांबे चढवलेली तार वापरत असाल तर टॉर्च पॉझिटिव्हला आणि अर्थची (परतीची) केबल निगेटिव्हला हवी. उलटं राहिलं तर आर्क (तार आणि पत्र्यामधली विजेची ज्योत) थयथयाट करतो, शिंतोडे उडतात, आणि वेल्ड पत्र्यावर नुसतं बसतं, आत शिरत नाही. मग माणूस करंट वाढवतो आणि भोक पडतं. बिनगॅसची तारच वापरत असाल तर या कामापुरती ती बाजूला ठेवा. १ मिलिमीटरच्या पत्र्यावर ती सांभाळणं हात बसलेल्या माणसालाही जड जातं.

तार ०.८ मिलिमीटरची घ्या, ईआर७०एस-६ ग्रेडची. ०.६ ची मिळाली तर उत्तम, कारण ती ३० अँपियरलाही शांत जळते, पण दुकानात ती सहज मिळेलच असं नाही. रोलरची खाच तारेच्या मापाची आहे ना ते बघा. बहुतेक रोलरना दोन खाचा असतात आणि मशीन येतं तेव्हा कोणती लागली असेल याचा भरवसा नसतो. काँटॅक्ट टिप, म्हणजे टॉर्चच्या टोकाला तार जिथून बाहेर येते तो तुकडा, तीही त्याच मापाची हवी. रोलरचा दाब इतकाच ठेवा की टॉर्चमधून येणारी तार लाकडाच्या ठोकळ्यावर तिरकी टेकवली तर वाकत पुढे सरकेल, पण समोरून रोखून धरली तर रोलर घसरेल. दाब जास्त झाला की तार चपटी होते आणि टिपमध्ये अडकते.

आता आकडे. ढोबळ हिशेब असा की पातळ पत्र्याला दर मिलिमीटर जाडीला ४० अँपियरच्या आसपास करंट लागतो. ०.८ ची तार त्याच्या फार खाली नीट जळत नाही, म्हणून १ मिलिमीटरच्या पत्र्याला ४५ ते ६० मध्ये राहायचं आणि टाका किती वेळ चालू ठेवता त्यावर ताबा ठेवून उष्णता कमी करायची. आर्गॉन-सीओटू मिक्स गॅस असेल तर १५ व्होल्टपासून सुरुवात करा. नुसता सीओटू असेल तर एखाद-दीड व्होल्ट जास्त लागेल. तारेचा वेग मिनिटाला अडीच ते तीन मीटर. मशीनवर वेग नुसता १ ते १० असा लिहिलेला असतो, तो काही कामाचा नाही. अर्थ क्लॅम्प (परतीच्या केबलचा चिमटा) पत्र्यावरून काढा, टॉर्च मोकळा धरा, दहा सेकंद ट्रिगर दाबून बाहेर आलेली तार पट्टीने मोजा. ४५-५० सेंटिमीटर आली की वेग बरोबर आहे. गॅस मिनिटाला ८ ते १० लिटर. त्याहून बराच वाढवला तर प्रवाह घुसळतो आणि उलट हवाच आत ओढतो.

गॅस मिक्सच घ्या, असा माझा आग्रह आहे. सीओटू स्वस्त आहे आणि जाड कामाला छान आहे, पण तो खोल घुसतो आणि शिंतोडे जास्त टाकतो. तुमच्या पत्र्यात वेल्ड खोल शिरायला नकोच आहे.

आवाज ऐका. सेटिंग जुळलं की बारीक, सलग करकर ऐकू येते. त्यात तार सेकंदाला कित्येक वेळा पत्र्याला टेकते, शॉर्ट होते, तुटते, पुन्हा टेकते. थांबून थांबून फट् फट् होत असेल आणि तारेच्या टोकाला मोठा गोळा धरत असेल, तर व्होल्ट जास्त किंवा वेग कमी. तार टॉर्चला मागे ढकलतेय असं हाताला जाणवलं, तर वेग जास्त. एका वेळी एकच बटण हलवा. मशीनला इंडक्टन्सचं बटण असेल तर मध्यावर ठेवून सुरू करा. ते वाढवलं की वितळलेल्या धातूचा रस पातळ होऊन पसरतो, कमी केलं की आर्क कडक होतो.

आता भोकाकडे. तुकड्यावर टाका मारताना रसाकडे नीट बघा. ट्रिगर दाबताच ठिपका चमकतो, मग त्याच्या कडा दोन्ही पत्र्यांवर ओल्या होऊन पसरतात, रस चार-पाच मिलिमीटरचा होतो आणि वरून थोडा फुगीर दिसतो. तिथेच ट्रिगर सोडायचा. आणखी थांबलात तर फुगवटा सपाट होतो, मग मध्यभागी खाली बसायला लागतो, आणि बसला की पुढच्या क्षणी आरपार. हा फुगीर ते सपाट बदल डोळ्यांनी ओळखता आला की तुमची निम्मी भोकं तिथेच थांबतील. म्हणून डोळ्यांवरच्या काचेचा शेड, म्हणजे काळेपणाचा नंबरही महत्त्वाचा: एवढ्या कमी करंटला ९ किंवा १० पुरे. १२ लावून बसलात तर रस दिसणारच नाही.

सलग ओढायचं नाही. एक टाका, मग तीन-चार सेंटिमीटर सोडून दुसरा, मग दुसऱ्या टोकाला. लाली पूर्ण गेल्यावरच शेजारचा टाका, अर्धा आधीच्या टाक्यावर चढवून. औंधच्या आयटीआयमधून वेल्डर ट्रेड करून येणारी मुलं जाड प्लेटवर सुंदर बीड (वेल्डची सलग रेघ) ओढतात, आणि पत्र्यावर त्यांना सर्वात अवघड जातं ते हेच, हात थांबवणं. जोडातली फट तारेच्या जाडीपेक्षा जास्त नको. मोठी असेल तर तुकडा नव्याने कापा, रसाने फट भरायला गेलात की कड मागे मागे वितळत जाते. जोडाच्या मागे तांब्याची पट्टी दाबून धरा. तांबं उष्णता ओढून घेतं आणि स्टीलचा रस त्याला चिकटत नाही. फ्रीज-एसीच्या जुन्या तांब्याच्या नळीचा तुकडा ठोकून चपटा केला तरी चालतो. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी शोधलात तर मिळून जाईल.

पत्रा भवानी पेठेतून सीआरसी (जस्त न चढवलेला साधा) घ्या, जीपी (जस्त चढवलेला) घेऊ नका. जीपीवरचा जस्ताचा थर जळतो, त्याने टाक्यात छिद्रं राहतात आणि त्या धुराने संध्याकाळी थंडी-ताप भरतो. दूध पिऊन किंवा गूळ खाऊन हे टळतं असं बरेच कारागीर मानतात. तसं काही होत नाही. धूर श्वासात न जाणं हाच उपाय. जाडी व्हर्नियरने मोजा, आणि ती गंज घासून उरलेल्या धातूची मोजा. स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर जिथे आत जातो, तिथे कोणतंही सेटिंग टिकणार नाही. टणक पत्रा लागेपर्यंत कापत जा. आणि कापण्याआधी एक गोष्ट विसरू नका: चेतकची बॉडी मोनोकॉक आहे, म्हणजे पत्राच सांगाडा आहे. फ्लोअर काढला की पुढचा-मागचा भाग हलतो. हँडलच्या गळ्यापासून सीटच्या जागेपर्यंत आधी लोखंडी अँगलचा आधार घट्ट बसवा, आणि फ्लोअर एकदम न काढता एक बाजू पूर्ण करून दुसरी घ्या.

आता अडचणीची जागा. इंजिन, फोर्क, पेडल, केबली काढून बॉडी दोन जुन्या टायरवर आडवी करा. उंचवट्याची कड तेव्हा तुमच्यासमोर उभी येते, आणि उभ्या जोडावर वरून खाली झरझर टाके घेणं पातळ पत्र्याला चांगलं मानवतं, रस खोल शिरत नाही. डोक्यावर वेल्डिंग करायची वेळच येऊ देऊ नका. दुसरं, जोड अगदी कोपऱ्यात घेऊ नका. नवीन तुकड्याची कड वाकवून ती कोपऱ्यापासून दोन-तीन सेंटिमीटर बाहेर, सपाट भागावर आणा. तिथे टॉर्च, ग्राइंडर, हातोडी सगळं पोचतं. खालच्या आडव्या पट्ट्यांना फ्लोअर जोडताना वरच्या पत्र्याला ५-६ मिलिमीटरची भोकं पाडा आणि वरूनच प्लग वेल्ड भरा. इथे मात्र करंट वाढवायचा, ७०-८० पर्यंत, कारण खालचा पट्टा वितळला नाही तर वरचा वेल्डचा ठिपका नुसता चिकटलेला राहतो. आर्क खालच्या पट्ट्यावर सुरू करून गोल फिरवत वर या.

तरी एखादी जागा उरतेच. तिथे १५ नंबरचा लहान टॉर्च आणि निमुळतं नोझल लावा, आणि टिप नोझलच्या दोन मिलिमीटर बाहेर येईल अशी ठेवा म्हणजे टोक दिसतं. एरवी तार टिपबाहेर ८-१० मिलिमीटर ठेवतो, कोपऱ्यात १५ पर्यंत जाऊ द्या. लांब तारेत करंट थोडा पडतो, ते पातळ पत्र्याला सोयीचंच आहे, पण गॅस १२ लिटरपर्यंत वाढवावा लागतो. प्रत्येक टाक्याआधी तारेचं टोक कटरने तिरकं छाटा. गोळा धरलेल्या टोकाने सुरुवात केली की पहिली ठिणगी कुठे उडेल सांगता येत नाही.

टॉर्चच्या केबलचंही सांगतो, कारण कोपऱ्यात घोटाळा होतो तो इथेच. अंग वाकवून आत शिरताना केबलला पीळ पडतो, लाइनरमध्ये (केबलच्या आत तार सरकते त्या नळीत) तार अडखळते, आर्क धडपडतो, आणि माणूस बाहेर येऊन सेटिंग बदलतो. केबल खांद्यावरून मोठ्या वळणाने घ्या. लागलं तर मशीन स्टुलावर चढवा.

पार्किंग तळघरात असेल तर तिथे करू नका. सीओटू आणि आर्गॉन दोन्ही हवेपेक्षा जड, तळाशी साचतात, आणि तुम्ही जमिनीलगत डोकं घालून बसणार. मोकळ्यावर करा आणि वाऱ्याच्या बाजूला प्लायवूड उभं करा, नाहीतर वारा गॅस उडवून नेईल आणि टाक्यात स्पंजासारखी छिद्रं पडतील. पंखाही बंद. पेट्रोलची टाकी सीटखालून काढून लांब ठेवा, नुसती रिकामी करून जागेवर ठेवणं धोक्याचं आहे, वाफ राहते. फ्लोअरखालचं जुनं डांबरी कोटिंग जोडाच्या आसपास खरवडून काढा, ते पेटतं. अर्थ क्लॅम्प घासलेल्या धातूवर, जोडाच्या जवळ. वीज १६ अँपियरच्या सॉकेटवरून घ्या, एक्स्टेंशन २.५ स्क्वेअर एमएमच्या तांब्याचं, आणि ते रिळावर गुंडाळलेलं असेल तर पूर्ण उलगडून. एवढ्या कमी करंटला मशीन फार वीज खेचत नाही, पण बारीक वायरने व्होल्टेज पडलं की आर्क मध्येच मरतो. काम थांबवल्यावर अर्धा तास तिथेच बसा, पाण्याची बादली जवळ ठेवून.

तुकड्यावर टाके मारून झाले की दोन्ही बाजूंचा फोटो इथे टाका, सोबत गॅस कोणता आणि पत्र्याची मोजलेली जाडी लिहा. मला मागची बाजू जास्त बघायचीय. तिथे बारीक, सारखा उठाव आला असेल तर तुम्ही गाडीवर जायला तयार आहात. नुसता निळा डाग असेल तर अर्धा व्होल्ट वाढवून पुन्हा तुकड्यावरच.