वडिलांना किडनीचा कॅन्सर झाला, तर मुलांना होण्याची शक्यता किती असते? जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची डावी किडनी ५८व्या वर्षी काढली, गाठ एकच होती, आता ते ठणठणीत आहेत आणि तुम्ही ३१ वर्षांचे आहात. शेवटी लिहिलंय, 'आमच्या घराण्यात आणखी कुणाला कॅन्सर नाही.' उत्तर लिहायला बसले ते या वाक्यामुळे. २०१६ साली हेच वाक्य मी एका डॉक्टरांना ठणकावून सांगितलं होतं.

घराण्यात कोणकोण धरलंत तेवढं आधी बघा. आत्या धरल्यात? त्यांची मुलं? आजोबांच्या बहिणी?

त्या पावसाळ्यात माझ्या कमरेत कळा यायला लागल्या. मुतखडा, दुसरं काय असणार. आमच्या बँकेच्या शाखेत निम्म्या स्टाफला मुतखडा आहे. सोनोग्राफीला गेले. त्या बाई बराच वेळ एकाच जागी प्रोब फिरवत राहिल्या. 'श्वास रोखा. सोडा. परत रोखा.' मग जेली पुसायला कागद हातात देऊन म्हणाल्या, 'बरोबर कोण आलंय?' ज्यांनी हा प्रश्न ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

सीटीत डाव्या किडनीत तीन गाठी, उजवीत एक. सगळ्यात मोठी २.२ सेंटीमीटर. शिवाय स्वादुपिंडात पाण्याच्या गाठी. मी ३६ वर्षांची. पहिल्या सर्जननी पाच मिनिटांत सांगितलं, डावी पूर्ण काढू, पुढच्या गुरुवारी या. उजवीचं काय, असं विचारलं तर 'ते नंतर बघू.' आम्ही निघालोच होतो, पण सासूबाई अडून बसल्या की दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हात लावू द्यायचा नाही. म्हणून पुण्याला गेलो.

तिथले डॉक्टर वयस्क होते. फिल्म खिडकीकडे धरून बघत होते. मी माझं वाक्य ऐकवलं, आमच्या घराण्यात कुणालाही कॅन्सर नाही. त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. म्हणाले, 'घरात कुणाचा डोळा गेलाय का?'

बाबांचा. उजवा, तेहतिसाव्या वर्षी. 'पडदा सरकला' एवढंच आम्हाला माहीत. चहाचा कप बाबांच्या डाव्या हाताला ठेवायचा, हे आम्ही भावंडं लहानपणापासून न सांगता करत आलो.

'मेंदूत गाठ?' आत्या. १९९४ साली गेली, ३९ वर्षांची होती.

'ऑपरेशनच्या टेबलावर कुणी गेलंय?' आजोबा. १९७१, साधं हर्नियाचं ऑपरेशन, टेबलावरच बीपी चढलं आणि संपले. घरात त्याला हार्ट अटॅक म्हणायचे.

खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या अंगावर काटा आला. मी खोटं बोलले नव्हते. यातल्या कशालाच कॅन्सर म्हणत नाहीत. पण हे सगळं एकच होतं.

आजाराचं नाव व्हॉन हिप्पल-लिंडाऊ, लोक व्हीएचएल म्हणतात. हिप्पल हे जर्मन नेत्रतज्ज्ञ, त्यांनी १९०४ साली डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठींबद्दल लिहिलं. लिंडाऊ स्वीडनचे पॅथॉलॉजिस्ट, त्यांनी १९२६ साली डोळ्यातल्या आणि मेंदूतल्या गाठींचा धागा जोडला. म्हणजे मधे बावीस वर्षं गेली. आमच्याकडे त्याहून जास्त गेली. बाबांची फाईल मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, आत्याची मुंबईत, आजोबांची तर फाईलच नाही. हे कागद कधी एका टेबलावर आलेच नाहीत.

याच्या जनुकाचं नावही व्हीएचएलच. ते तिसऱ्या गुणसूत्रावर असतं, १९९३ साली सापडलं. प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती. सगळ्यांच्या दाराला दोन कड्या असतात, आमच्या दाराची एक कडी जन्मतःच निखळलेली. उरलेली एखाद्या पेशीत निखळली की तिथे गाठ धरते, आणि किडनीत अशा पेशी किती, म्हणून गाठी अनेक, दोन्ही बाजूंना आणि कमी वयात. या जनुकाचं काम काय, तर शरीरात प्राणवायू पुरेसा असताना 'प्राणवायू कमी पडतोय' अशी आरोळी ठोकणारं एक प्रथिन मोडून टाकायचं. ते मोडलं नाही की पेशीला वाटतं आपण गुदमरतोय, आणि ती नव्या रक्तवाहिन्या मागवत सुटते. २०१९चं वैद्यकातलं नोबेल प्राणवायूच्या या जाणिवेवरच्या संशोधनाला मिळालं. तिघांपैकी विल्यम केलिन हे तर याच आजाराचा माग काढत तिथवर पोहोचले. त्याच वाटेने निघालेल्या बेल्झुटिफॅन या गोळीला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. सगळ्यांना लागत नाही, मला अजून लागलेली नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी मला ऑपरेशन न करता घरी पाठवलं. व्हीएचएलमधे सगळ्यात मोठी गाठ साधारण ३ सेंटीमीटरची होईपर्यंत नुसती नजर ठेवतात, कारण त्याच्या आत ती पसरल्याचं जवळजवळ दिसत नाही. मग फक्त गाठी कोरून काढतात, किडनी ठेवतात. आयुष्यभर नव्या गाठी येणारच, दर वेळी किडनी काढत बसलात तर चाळिशीत डायलिसिस. पुढचा गुरुवार म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठी. आणखी एक, या आजारात कुठल्याही ऑपरेशनआधी किडनीच्या डोक्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत गाठ नाही ना हे रक्त किंवा लघवी तपासून बघावं लागतं, नाहीतर भूल देताना बीपी आभाळाला भिडतं. आजोबांचं तेच झालं असणार. सिद्ध करता येणार नाही, पण मला शंका नाही.

मग जनुकीय चाचणीसाठी रक्त दिलं, रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. बाबांचाही. काउन्सेलर मुलीने घराण्याचा तक्ता काढायला घेतला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, आजारी असेल तर आतून काळं करायचं, गेलेलं असेल तर तिरकी रेघ. मी ऐटीत आमचा कुलवृत्तांत बरोबर नेला होता. अण्णाकाकांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाने, अकरा वर्षं खपून छापलेला, नऊ पिढ्या, जाडजूड बांधणी. तिने पानं उलटली, परत उलटली आणि विचारलं, 'यात मुली कुठायत?'

मुली होत्या. 'कन्या २, विवाहित.' संपलं. कागदावर चौकोनच चौकोन, आणि जिथे आत्याची मुलं हवीत तिथे कोरी जागा. मी स्वतः त्या पुस्तकात 'कन्या १' आहे.

काकांना फोन केला. आधी गप्प राहिले, मग म्हणाले, 'माझ्या दोघींची लग्नं व्हायचीत. तोंडातून शब्द काढायचा नाही.' मी म्हटलं, निदान आत्याच्या मुलाला तरी सांगू. तर म्हणे, 'ती गेली त्या घरी. आपला वंश मुलीकडून जात नसतो.' गोत्र बदलतं, जनुक बदलत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी एसटीत सुचलं, आणि तेव्हापासून दर दिवाळीला सुचतंय.

आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो, मुलगी असो. पिढी सोडून जात नाही, लग्न लावून दिलं म्हणून सुटत नाही.

आता माझं पाप. काकांनी गप्प बस म्हटलं आणि मी बसले. चौदा महिने. आत्येभाऊ नाशिकला, भेटीगाठी मुंजी-लग्नापुरत्या, काय म्हणून सांगू, तो घाबरेल, त्याच्या बायकोला काय वाटेल, असली सगळी कारणं माझ्याकडे तयार होती. २०१७च्या डिसेंबरात त्याचाच फोन आला. लघवीतून रक्त पडलं होतं. सात सेंटीमीटरची गाठ, फुप्फुसात ठिपके. एक्केचाळीस वर्षांचा होता. फोनवर म्हणाला, 'ताई, आपल्याकडे तर असलं कुणाला नाही ना गं?' मी त्याच्याहून लहान, तरी तो मला ताई म्हणायचा. मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. पुढच्या श्रावणात तो गेला.

त्याची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. या आजारात लहान मुलांची चाचणी करतात, कारण डोळ्यांची तपासणी अगदी तान्ह्या वयापासून सुरू करायची असते. मीच तिला घेऊन गेले. पॉझिटिव्ह. डाव्या डोळ्यात पडद्याच्या कडेला एक लालसर ठिपका, त्याच्याकडे जाणारी एक फुगलेली शीर. लेझर झालं, संध्याकाळी आम्ही भेळ खाल्ली. दृष्टी पूर्ण आहे, यंदा बारावीला आहे. बाबांचा डोळा ज्याने गेला तेच हे, फक्त कुणीतरी वेळेवर बघितलं.

आणि अण्णाकाका? भाचा गेल्यावर त्यांनी गुपचूप चाचणी करून घेतली. निगेटिव्ह. म्हणजे त्यांच्या दोघी मुलींना धोका कधी नव्हताच. तो रिपोर्ट मात्र गुपचूप राहिला नाही, घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, खाली हात जोडलेले. त्यावर एकोणीस जणांनी अंगठे दिले. मी ग्रुप सोडला.

हं, तुमचा प्रश्न. तुमच्या वडिलांचं चित्र वेगळं आहे. ५८ वय, एक बाजू, एक गाठ, म्हणजे बहुधा आनुवंशिक नाही. किडनीच्या शंभर कॅन्सरांमधे आनुवंशिक पाच ते आठ धरतात, बाकी बिडी-सिगारेट, वजन, बीपी आणि वय. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला झाला असेल तर तुमचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट, पण मुळात तो लहान, त्याची दुप्पट. घाबरून उठून चाचण्या करत सुटू नका, आणि चाचणी करायचीच तर आधी वडिलांची करा. ज्याला आजार आहे त्याच्यात काही सापडलं तर तुमच्यात काय शोधायचं ते कळतं.

त्यांच्या गाठीच्या तुकड्याच्या तपासणीत 'व्हीएचएलमध्ये बदल' असं लिहिलेलं असेल तर लगेच माझी गोष्ट आठवून रडू नका. साध्या, न वारशाच्या क्लिअर सेल कॅन्सरमधेही, म्हणजे किडनीच्या कॅन्सरच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारातही, बहुतेक वेळा हेच जनुक बिघडलेलं असतं, पण फक्त गाठीत. वारसा आहे की नाही ते रक्तावरून ठरतं.

कॅन्सर सापडला तेव्हा वय ४६ किंवा त्याहून कमी, दोन्ही किडन्यांत किंवा एकीतच अनेक गाठी, घरात आणखी कुणाला, यातलं काहीही असेल तर मात्र जेनेटिक्सवाल्याला गाठा. टाटा मेमोरियलमधे त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे. आणि सगळ्यांनाच व्हीएचएल नसतो. घरातल्या बायकांची गर्भाशयं तिशीतच फायब्रॉइडमुळे काढलेली असतील, कातडीवर दुखऱ्या गाठी असतील, तर एफएच नावाचं जनुक बघावं लागतं, आणि तिथे माझा ३ सेंटीमीटरचा नियम अजिबात लावायचा नाही. ती गाठ लहान असतानाच पसरते, तिथे थांबायचं नसतं. कुणाचं फुप्फुस आपोआप फुटून हवा भरली असेल, नाका-गालावर बारीक पांढरट पुळ्या असतील, तर आणखी वेगळा आनुवंशिक आजार, बर्ट-हॉग-डुबे. बायकांची गर्भाशयं कशासाठी काढली हे आमच्या घरात कुणी कधी विचारलेलं नाही, तुमच्याही नसेल.

उलटंही सांगते. व्हीएचएलच्या पाचातल्या एकाला तो आईबापांकडून आलेलाच नसतो, त्याच्यापासूनच सुरू होतो. तेव्हा घराणं स्वच्छ दिसलं तरी कमी वयात गाठी आल्या तर तपासा. आणि मी डॉक्टर नाही, बँकेत काम करते. हे सगळं माझ्या फाईलमुळे कळलं.

एवढं करा. वडिलांचा हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा, कागद शोधून त्यावर कॅन्सरचा प्रकार कुठला लिहिलाय ते बघा. मग आत्यांना आणि वडिलांच्या मावशांना फोन लावा. कॅन्सर होता का असं विचारू नका, नाही म्हणतील. कोण कितव्या वर्षी गेलं, कुणाचा डोळा गेला, कुणाचं ऑपरेशन बिनसलं, असं विचारा. दुपारी, जेवणं आवरल्यावर करा, घरात पुरुषमंडळी नसताना.