गेलिक ठिकाणनावं: अर्थाचा रकाना शब्दकोशातून भरू नका

तुमचा प्रश्न असा: स्कॉटलंडच्या लहान बेटावरची गेलिक, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेतली, नावं नकाशावरून उतरवली आणि शब्दकोशात अर्थ पाहिले, तर पुरेल का? नाही पुरणार. याच मुद्द्यावर ठिकाणनावांच्या नोंदणीच्या कामातल्या एका सहकाऱ्याशी माझा दोन हिवाळे वाद चालला. अर्थाचा एकही रकाना रिकामा दिसता कामा नये, हा त्यांचा हट्ट होता.

वाद पेटला तो ‘तागर्त’ असा तुकडा असलेल्या एका ओढ्याच्या नावावरून. शब्दकोशात ‘त’खाली काही सापडेना, म्हणून त्यांनी जवळपासचा एक शब्द उचलून अर्थ लिहून टाकला. मूळ शब्द ‘सागर्त’, म्हणजे पाद्री. षष्ठीत (‘पाद्र्याचा’ म्हणताना) उपपदाचा, म्हणजे इंग्रजी ‘द’सारख्या शब्दाचा, ‘त’ पुढे येतो आणि ‘स’ उच्चारातून जातो. मराठीत शब्दाची शेपटी बदलते, घोडा-घोड्याला; गेलिकमध्ये डोकंही बदलतं. इंग्रजी वळणाच्या स्पेलिंगमध्ये तो गेलेला ‘स’ दिसतच नाही. बेटावरच्या माणसाच्या तोंडून नाव ऐकलं असतं, तर पाच मिनिटांत उलगडलं असतं.

म्हणून आधी ध्वनिमुद्रण. वेव्ह फाइल, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. एमपी3 नको, आणि वारा अडवायला मायक्रोफोनवर केसाळ टोपी हवीच. नाव सुटं तीनदा म्हणवून घ्या, मग वाक्यात: ‘तिथे गेलो’, ‘तिथून आलो’, ‘त्याच्या माथ्यावर’. विभक्ती लागली की लिंग आणि मूळ रूप बाहेर पडतं. ‘म्हणजे अमुकच ना?’ असं कधीही विचारू नका. पाहुण्याला नाही म्हणायला माणसं संकोचतात. मग जागेवर जा. सहा आकडी ग्रिड संदर्भ, म्हणजे नकाशावरच्या चौकटींतून जागा सांगणारा क्रमांक, 100 मीटरचा चौकोन देतो. झरा किंवा खडक असेल तर आठ आकडी घ्या, 10 मीटरचा. किनाऱ्यावरच्या खडकांसाठी उधाणाच्या ओहोटीला, मासेमारी करणाऱ्याला सोबत घेऊन जा. ‘गोरम’ला शब्दकोश निळा म्हणतो, टेकडीवर मात्र तो बहुधा गवताचा हिरवा असतो, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

अर्थाचे रकाने दोन करा: लोक काय सांगतात आणि भाषा काय सांगते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या मक बेटाच्या गेलिक नावाचा अर्थ डुकरांचं बेट. 1773 मध्ये बॉसवेल आणि जॉन्सन हे दोन लेखक प्रवासात त्या भागात आले, तेव्हा तिथला जमीनदार खरं नाव ‘मंक’चं, म्हणजे मठवासी साधूचं बेट आहे, असं आग्रहाने सांगत होता. गेलिकमध्ये देवमाशालाही ‘समुद्री डुक्कर’ म्हणतात, त्यामुळे आणखी एक शक्यता उभी राहते. तिन्ही लिहा, कोण म्हणालं तेही लिहा. रम बेटावरचं ‘डिबिडिल’ तर गेलिक शब्दकोशात शोधूच नका. ते नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतलं आहे, अर्थ खोल दरी. आणि उलगडत नसेल तर रकाना रिकामा सोडा. चुकीचा अर्थ एकदा फलकावर चढला की पुढच्या पिढीतली माणसं तोच ‘आजोबांनी सांगितलेला’ म्हणून सांगतात, मग खरा कुठला आणि फलकावरचा कुठला हे वेगळं काढता येत नाही.

नकाशा टाकाऊ आहे असं मात्र नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या एकोणिसाव्या शतकातल्या नावांच्या वह्यांत प्रत्येक नावापुढे सांगणाऱ्याचं नाव आणि ठिकाणाचं वर्णन आहे. तो सांगणारा जमिनीचा कारभारी होता की गुराखी, हे पाहून त्या नोंदीवर किती विसंबायचं ते ठरवा.