समुद्रातले नायट्रोजन स्थिर करणारे सायनोबॅक्टेरिया (नील-हरित शैवाल) ओळखायला १६एस (सगळ्या बॅक्टेरियांत असणारं, ओळख पटवायला वापरतात ते जनुक) पुरतं की निफएचच (नायट्रोजन स्थिर करणाऱ्या एन्झाइमचं जनुक) लागतं? मायक्रोस्कोपने भागत नाही का?

नाही भागत. हा वाद मी नागपुरात बसून घातलेला आहे, म्हणून लिहितो.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला ट्रायकोडेस्मियम (समुद्रातला तंतूंसारखा सायनोबॅक्टेरिया) घेतो म्हटल्यावर आमचे एक सर हसले होते, "काहून बा, फुटाळा तलावात शेवाळ कमी पडलं का?" गोव्याच्या मित्राने मे महिन्यात थर्मोकोलच्या डब्यातून नमुने पाठवले. डबा लॅबमध्ये पोचेस्तोवर बर्फाचं कोमट पाणी झालेलं. लुगॉल (नमुना टिकवायचं आयोडीनचं द्रावण) घातलेल्या बाटलीतले तंतू तपकिरी, पण शाबूत होते. साध्या बाटलीत पेशी फुटून पाणी चक्क गुलाबी. सरांनी लुगॉलची बाटली घेतली, देसिकाचारींचा सायनोबॅक्टेरियांवरचा १९५९ चा ग्रंथ उघडला, तंतूंची जाडी मोजली आणि बारीक-जाड बघून दोन जाती ठरवल्या. मी अल्कोहोलमधल्या तिसऱ्या बाटलीतून तसेच बारीक आणि जाड तंतू वेगळे उचलून हेटआर या जनुकाचा सिक्वेन्स काढला (बाहेरून, घरच्या पैशाने). दोन्ही एकच निघाले. सर म्हणाले, "कंटॅमिनेशन." व्हायव्हातही तेच.

जाडी, पेशींची लांबी, जुडग्याचा आकार, हे सगळं जातींमध्ये एकमेकांत मिसळतं. आणि डोळ्यांना दिसेल तेच खरं मानणाऱ्यांनी यूसीवायएन-ए या समुद्री सायनोबॅक्टेरियाचं काय करायचं? १९९८ मध्ये जोनाथन झेर यांच्या गटाला खुल्या समुद्राच्या पाण्यात निफएचचा अनोळखी सिक्वेन्स मिळाला. जीव तेव्हा कोणी पाहिलेला नव्हता, वाढवलेला नव्हता. २००८ मध्ये कळलं की त्याच्यात फोटोसिस्टिम दोन (प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन सोडणारा भाग) नाहीच. २०२४ मध्ये तर तो एका शैवालाच्या पेशीतलं अंगकच झालाय, नायट्रोप्लास्ट, असं जाहीर झालं. हे मायक्रोस्कोपने कोण शोधणार होतं?

तुमचा प्रश्न राहिलाच. मोठ्या गटासाठी १६एस घ्या, पण ट्रायकोडेस्मियमच्या जातींत ते फारच सारखं असतं. तिथे हेटआर बरं, जरी ते हेटरोसिस्टचं (नायट्रोजन स्थिर करणाऱ्या खास पेशीचं) जनुक असलं आणि ट्रायकोडेस्मियमला हेटरोसिस्ट होत नसले तरी. नायट्रोजन स्थिर करू शकणारे कोण, हे निफएच सांगतं. 'करू शकणारे' म्हटलं मी. जनुक आहे म्हणजे काम चालू आहे असं नाही, त्यासाठी आरएनए बघा किंवा नायट्रोजन-१५ने (नायट्रोजनच्या जड समस्थानिकाने) मोजा. शिवाय निफएच एका जीवातून दुसऱ्यात जाऊ शकतं, काहींत त्याच्या प्रती जास्त असतात, तेव्हा एकट्या निफएचच्या वंशवृक्षावरून नाव देऊ नका. हां, मायक्रोस्कोप भंगारात काढू नका. डायटम या शैवालाच्या आत बसलेला रिचेलिया नावाचा सायनोबॅक्टेरिया तिथेच दिसतो.

गाइड अडून बसले तर दोन्ही करा आणि थिसिसमध्ये तक्ते शेजारी-शेजारी लावा. पीसीआरचा ब्लँक (नमुना न घालता केलेली चाचणी) मात्र दर वेळी चालवा, कारण रसायनांतूनही निफएच येतं. माझा ब्लँक तेव्हा स्वच्छ होता. जेलचा फोटो अजून आहे, सरांना हवा असेल तर पाठवतो.