अंतराळवीर होण्याचा कोर्स कुठे असतो?

पलूसहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते फाउंड्रीत मोल्डिंगच्या कामाला आहेत, मुलगी नववीत आहे. शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले ते शाळेत टीव्हीवर दाखवलं आणि तेव्हापासून मुलीने अंतराळवीर व्हायचं धरून ठेवलंय. वडिलांनी तीन गोष्टी विचारल्यात. याचा कोर्स कुठे असतो? सांगलीत एक जण ‘स्पेस कोर्स’साठी 40,000 रुपये मागतोय, ते भरावेत का? आणि कल्पना चावलांचं ऐकल्यापासून मुलीची आई घाबरलीय, तिला काय सांगायचं? पत्राच्या शेवटी लिहिलंय, “आमच्यासारख्यांच्या घरात हे शोभतं का, तेही स्पष्ट सांगा.”

नमस्कार. शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण खरा प्रश्न तोच दिसतोय. 12 एप्रिल 1961 रोजी जो माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला, तो युरी गागारिन तुमच्याच धंद्यातला होता. वडील सुतार, आई सामुदायिक शेतीवर कामाला. पोरगा मॉस्कोजवळच्या ल्युबेर्त्सी गावात ओतकाम शिकला, पुढे सारातोवच्या तंत्रशाळेत गेला आणि तिथल्या फ्लाइंग क्लबमध्ये विमानाच्या नादी लागला. पहिली महिला अंतराळवीर व्हॅलेंटिना तेरेश्कोवा कापड गिरणीत काम करायची. तिला विमान चालवता येत नव्हतं, पण हौस म्हणून ती पॅराशूटच्या उड्या मारायची, आणि नेमकं तेच उपयोगी पडलं. ती दोघं ज्यातून गेली त्या व्होस्तोक यानातून माणसाला जमिनीवर अलगद उतरवायची सोय नव्हती. सुमारे 7 किलोमीटर उंचीवर आसनासकट बाहेर फेकलं जायचं आणि स्वतःच्या पॅराशूटने खाली यायचं. 1963 च्या जूनमध्ये ती 26 वर्षांची पोरगी जवळपास तीन दिवस एकटी पृथ्वीभोवती फिरून आली.

तेव्हा शोभण्याचा प्रश्न मनातून काढून टाका. पण गागारिनला निवडलं ते तो हवाई दलाचा वैमानिक झाल्यावर. ओतकामावर कुणी निवडलं नव्हतं.

माझं सांगणं एवढंच आहे की अंतराळवीर हा पहिला पेशा नसतोच. आधी माणूस दुसरं काहीतरी होतो, त्यात पक्का मुरतो, आणि मग त्यातल्या एखाद्याला ही संधी मिळते. अमेरिकेने 1959 मध्ये निवडलेले पहिले सातही जण लष्करातले टेस्ट पायलट होते. नवं विमान पहिल्यांदा उडवून त्यातले दोष शोधणं हे त्यांचं रोजचं काम. चंद्रावर जायची वेळ आली तेव्हा दगड ओळखणारा माणूसही हवासा वाटला, म्हणून 1972 च्या अपोलो 17 मध्ये हॅरिसन श्मिट हे भूगर्भशास्त्रज्ञ गेले. स्पेस शटल आल्यावर जागा वाढल्या आणि डॉक्टर, इंजिनियर, संशोधक यांना दार उघडलं. सॅली राइड भौतिकशास्त्राच्या. कल्पना चावला कर्नालच्या, चंदीगडला एरोनॉटिकल इंजिनियरिंग करून अमेरिकेत गेलेल्या. नासाची अंतराळवीर व्हायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, हे मात्र ‘नासात पाठवतो’ म्हणणारे क्लासवाले सांगत नाहीत.

आपल्याकडे सध्या चित्र 1959 च्या अमेरिकेसारखंच आहे. 1984 मध्ये सोयूझ या रशियन यानातून गेलेले राकेश शर्मा टेस्ट पायलट. गगनयान या आपल्या माणसं पाठवायच्या मोहिमेसाठी 2024 च्या फेब्रुवारीत जाहीर झालेले चौघेही हवाई दलाचे टेस्ट पायलट. त्यातलेच शुक्ला 2006 मध्ये हवाई दलात रुजू झाले, लढाऊ आणि इतर मिळून सुमारे 2,000 तास विमानं उडवली, बंगळूरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत एम.टेक. केलं आणि 2025 च्या जूनमध्ये उडाले तेव्हा 39 वर्षांचे होते. तुमची मुलगी आज चौदाची. हिशेब तुम्हीच करा. आपलं स्वतःचं स्थानक 2035 पर्यंत आणि चंद्रावर माणूस 2040 पर्यंत, असं सरकारने ठरवलंय. स्थानकावर प्रयोग करायला फक्त वैमानिक पुरणार नाहीत, म्हणून तोवर दार रुंदावेल असं मला वाटतं. पण हा माझा अंदाज झाला, त्यावर मुलीचं करिअर उभं करू नका.

आता 40,000 रुपये. भरू नका. असल्या प्रमाणपत्राला ना हवाई दलात किंमत आहे ना इस्रोत. त्यातले थोडे पैसे बाजूला काढून एक बरी दुर्बीण घेतलीत तरी जास्त पदरात पडेल.

खरा रस्ता घराजवळच आहे. साताऱ्याची सैनिक शाळा ही देशातली पहिली, गागारिन उडाला त्याच वर्षी जूनमध्ये सुरू झालेली. आता तिथे मुलीही शिकतात. पण प्रवेश सहावी आणि नववीला होतो, म्हणजे हिची वेळ टळली. धाकटं भावंड असेल तर लक्षात ठेवा. हिच्यासाठी खडकवासल्याची एनडीए, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणारी प्रबोधिनी. 2022 पासून तिथे मुली शिकताहेत आणि 2025 च्या मे महिन्यात पहिल्या 17 जणी बाहेरही पडल्या. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, परीक्षा यूपीएससीची, वर्षातून दोनदा, आणि हवाई दलासाठी बारावीला गणित, फिजिक्स आणि केमिस्ट्री हवंच. मुलींच्या जागा थोड्या आहेत, हे आधीच सांगून ठेवते. प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं. मुलाखतीच्या वेळी वैमानिकाची योग्यता तपासणारी जी चाचणी असते ती आयुष्यात एकदाच देता येते, त्यात गेलं की उड्डाण शाखेचा विषय संपला. म्हणून दुसरी वाट आधीपासून हवी. सांगलीचं वालचंद इंजिनियरिंग कॉलेज आहे, किंवा जेईई अॅडव्हान्स्ड ही प्रवेश परीक्षा देऊन तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अंतराळ-तंत्रज्ञानाची संस्था. ही दुय्यम वाट समजू नका. गगनयानचं जेवण म्हैसूरच्या प्रयोगशाळेत आणि पॅराशूट आग्र्याच्या प्रयोगशाळेत तयार होतं. त्या लोकांशिवाय आत बसणारा जागचा हलणार नाही.

आईची भीती मात्र खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. 1971 मध्ये सोयूझ 11 परत येताना एक झडप वेळेआधी उघडली आणि तिघे हवेविना गेले. यानात दाटीवाटी म्हणून त्यांना हवेचा दाब टिकवणारे दाबपोशाखच दिले नव्हते. पुढे कित्येक वर्षं सोयूझमध्ये दोघेच बसले, पण पोशाख घालून. 1986 च्या जानेवारीत चॅलेंजर हे स्पेस शटल 73 सेकंदांत फुटलं. आदल्या रात्री इंजिनियर सांगत होते की एवढ्या थंडीत रॉकेटच्या सांध्यातली रबराची कडी दगा देईल, वरच्यांनी ऐकलं नाही. 2003 मध्ये कोलंबिया या शटलच्या पंखाला उड्डाणातच फोमचा तुकडा लागला होता, परतीच्या वेळी सातही जण गेले, त्यात कल्पना. मला विचाराल तर चॅलेंजरमध्ये यंत्राइतकाच माणसांचा हट्ट नडला.

शटलमध्ये सगळ्या माणसांना रॉकेटपासून ओढून काढणारी सुटकेची व्यवस्था नव्हती. सोयूझमध्ये आहे, आणि 1983 मध्ये तळावरच रॉकेट पेटलं तेव्हा तिने दोघांना वाचवलं. 2018 मध्ये उड्डाणात बिघाड झाला तेव्हाही दोघे सुखरूप उतरले. गगनयानला तशीच व्यवस्था आहे. 21 ऑक्टोबर 2023 रोजी श्रीहरिकोट्याला तिची चाचणी माणसांविना झाली आणि अंतराळवीरांनी बसायची कुपी पॅराशूटने समुद्रात उतरली. वहिनींना हे सगळं सांगा, धोका नाही असं मात्र सांगू नका. फायटर पायलटलाही तो आहेच.

आत्ता करायचं काम थोडं आहे. मिरजेला किंवा सांगलीला चांगल्या डॉक्टरकडे मुलीचे डोळे तपासून घ्या. उड्डाण शाखेचे निकष कडक असतात आणि नंबर असेल तर तो बारावीनंतर कळण्यापेक्षा आज कळलेला बरा. अकरावीला गणित सोडू देऊ नका. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. तुमच्या चार पानांत तिला शाळेत कोणता विषय आवडतो हे कुठेच आलेलं नाही, आणि एनडीए की इंजिनियरिंग हे मला त्यावरूनच सांगता येईल.