वाचकांचे प्रश्न : खिशातला फोन बाहेर काढायला लावणारी मांडणी

फोटो छपाईचे दुकान चालवणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या वेळी मांडणी आणि भेटवस्तूंबद्दल होती. सारख्या अर्थाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : दर्शनी काचेवर सगळ्या सेवांची यादी लावली आहे, शेजारी मॉडेलचे मोठे चकचकीत पोस्टर आहे. लोक बघतात आणि पुढे जातात. काचेत नेमके काय लावावे?

आधी यादी काढा. 'सर्व प्रकारची फोटो छपाई करून मिळेल' हे वाचून कोणालाच स्वतःचा एखादा फोटो आठवत नाही, आणि तो आठवला नाही तर माणूस दुकानात शिरत नाही. पोस्टरही काढा. मॉडेलचा सराईत फोटो बघून गिऱ्हाईक मनात म्हणते, आपले फोटो कुठे एवढे चांगले! तुमचे नमुने त्याच्या फोनमधल्या फोटोंसारखे दिसले पाहिजेत. बाकावर बसलेली आजी आणि नातू, सोफ्यावर पसरलेला कुत्रा, किंचित वाकडा आलेला गटफोटो. फोनवर, घरातल्या उजेडात काढलेले फोटो असतील तर उत्तमच.

त्यातला एकच फोटो निवडा आणि तोच सहा रूपांत करा : ४×६ इंचाची साधी प्रिंट, ८×१० ची फ्रेम, १२×१६ चा कॅनव्हास, चहाचा मग, फ्रिजवर लावायचा चुंबक आणि ॲक्रिलिकचा ठोकळा. प्रत्येक वस्तूवर वेगळा फोटो असला की बघणारा फोटोंची तुलना करत बसतो. फोटो एकच असला की नजर वस्तूंवर जाते आणि 'आपल्याला यातले काय घेता येईल' हा विचार सुरू होतो. प्रत्येकासमोर एकच छोटी चिठ्ठी ठेवा. तिच्यावर आकार, किंमत आणि किती वेळात मिळेल एवढेच. 'किंमत आत विचारा' असे लिहिले की निम्मे लोक विचारत नाहीत.

मांडणीचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर येऊ द्या, हातात घेऊन बघायच्या छोट्या वस्तू ९० ते १२० सेंटिमीटरच्या पट्ट्यात ठेवा. गुडघ्याच्या खाली ठेवलेले फक्त लहान मुलांना दिसते. आणखी एक अडचण असते. १२×१६ म्हणजे नेमका केवढा, हे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येत नाही. कॅनव्हास नुसता टांगू नका, त्याच्याखाली एक खरी खुर्ची ठेवा. भिंतीवर तो केवढा दिसेल हे मग सांगावे लागत नाही.

फोटो विकण्यासाठी फोटोच दाखवण्याचा सर्वांत भव्य प्रयोग बहुधा कॅमेरे आणि फिल्म विकणाऱ्या कोडॅकने केला. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात १९५० ते १९९० या काळात १८ फूट उंच आणि ६० फूट रुंद, मागून उजळलेली 'कलरामा' चित्रे लागत असत. त्यातल्या अनेक चित्रांत, विशेषतः सुरुवातीच्या काळात, कोपऱ्यात कोणीतरी कॅमेरा घेऊन फोटो काढताना दिसायचे. ही युक्ती आजही उचलण्यासारखी आहे. फोटो हातात धरलेला, भिंतीवर लावलेला, कोणाला तरी देताना दाखवा. छपाईयंत्राचा फोटो लावून काही साधत नाही.

प्रश्न : फोनवरचे फोटो ४×६ वर छापले की डोकी कापली जातात आणि भांडण काउंटरवर येते. प्रत्येकाला समजावून सांगायला वेळ नसतो. हे मांडणीतूनच दाखवता येईल का?

येईल, आणि याच फलकामुळे कापलेल्या डोक्यांची तक्रार सर्वांत जास्त कमी होईल.

आधी गणित. बहुतेक फोन ४:३ प्रमाणात फोटो काढतात, ४×६ ची प्रिंट मात्र ३:२ असते. आडवा फोटो ६ इंच रुंदीला पूर्ण बसवला तर त्याची उंची साडेचार इंच होते. म्हणजे वरून आणि खालून मिळून अर्धा इंच जातो. आडव्या गटफोटोत डोकी जातात ती इथेच. उभ्या फोटोत तोच अर्धा इंच बाजूंनी जातो, म्हणून कडेला उभ्या असलेल्याचा खांदा कापला जातो. डोके शाबूत राहते, त्यामुळे त्याची तक्रार कमी येते.

आता फलक. ४:३ चा आडवा गटफोटो बरोबर साडेचार बाय सहा इंचांत, भोवती दोन-दोन इंच कोरी जागा सोडून छापा आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. तेवढ्याच आकाराच्या काळ्या पुठ्ठ्याला ४×६ ची खिडकी कापा आणि वरच्या कडेला कापडी पट्टीने बिजागरीसारखा जोडा. गिऱ्हाईक काळा पुठ्ठा उचलते तेव्हा पूर्ण फोटो दिसतो, खाली सोडले की काय कापले जाणार ते दिसते. फोटो निवडताना मागच्या रांगेतल्या उंच माणसाचे डोके वरच्या कडेला टेकलेले असेल असाच निवडा, नाहीतर फलकाचा हेतूच फुकट. खाली दोनच पर्याय लिहा : 'पूर्ण फोटो, दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी' आणि 'पूर्ण कागद, फोटो थोडा कापून'. पहिल्या पर्यायात फोटो ४ × ५.३३ इंचांत येतो आणि बाजूंना साधारण एक-तृतीयांश इंचाची पांढरी पट्टी राहते. यंत्राला साडेचार बाय सहाचा कागद चालत असेल तर हा प्रश्नच मिटतो. मोठ्या आकारात फोनच्या फोटोंसाठी १२×१८ ऐवजी १२×१६ पुढे करा, तो बरोबर ४:३ आहे.

याच फलकाशेजारी दुसरी जोडी लावा. एकच फोटो दोनदा १२×१६ वर छापा. एकदा फोनमधल्या मूळ फाइलवरून आणि एकदा व्हॉट्सॲपवर साध्या दर्जात आलेल्या फाइलवरून. ४००० × ३००० पिक्सेलच्या मूळ फोटोतून या आकाराला २५० डीपीआय (दर इंचाला तेवढे ठिपके) मिळतात. चॅटवरून आकसून १६०० पिक्सेलच्या आसपास आलेला फोटो जेमतेम १०० डीपीआयवर येतो. केस, पापण्या, कपड्यांचे विणकाम सगळे लोण्यासारखे होते. ४×६ वर मात्र तीच फाइल २६५ डीपीआयच्या पुढे जाते आणि फरक कळत नाही. म्हणून 'चॅटवरचा फोटो चालणार नाही' असे सरसकट सांगू नका. 'छोट्या प्रिंटला चालेल. मोठ्यासाठी फोनमधला मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असे लिहा.

प्रश्न : भिंतीवर नमुने लावतो, पण महिन्याभरात बोर्ड वाकतात, काही पडतात. टेप बदलून पाहिली.

दोष बहुधा टेपचा नसतो. वाकण्याचे कारण एकाच बाजूवरचा ताण. फोमबोर्डच्या पुढच्या बाजूला प्रिंट आणि लॅमिनेशनची फिल्म चिकटवली आणि मागची बाजू तशीच सोडली की हवेतला ओलावा बदलताना दोन्ही बाजू वेगवेगळ्या फुगतात आणि आकसतात. मागेही तशाच जाडीचा कागद किंवा फिल्म चिकटवा. ए३ पर्यंत ५ मिलिमीटरचा बोर्ड पुरतो, त्यापुढे १० मिलिमीटर किंवा ॲल्युमिनियमचा कंपोझिट पत्रा घ्या. उन्हाच्या काचेमागे सनबोर्ड लावू नका. तो पीव्हीसीचा असतो, तापला की मऊ पडून पोट काढतो. सॉल्व्हंट शाईच्या प्रिंटवर लगेच लॅमिनेशन केले तर आत अडकलेली वाफ बुडबुडे काढते. एक दिवस उघडी वाळू द्या.

पडण्याचे कारण बहुतेक वेळा भिंतीचा रंग. हात फिरवल्यावर पांढरी पूड लागत असेल तर टेप त्या पुडीलाच चिकटते आणि पुडीसकट सुटते. गुळगुळीत रंगावरही आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टेप दाबून बसवा आणि पूर्ण पकड यायला किमान एक दिवस द्या. वजन लगेच टांगू नका.

नमुने वारंवार बदलायचे असतील तर भिंतीवर गॅल्व्हनाइज्ड पत्रा ठोकून रंगवा आणि सगळे चुंबकावर लावा. साध्या ४×६ प्रिंटला अर्ध्या मिलिमीटरची चुंबकी शीट पुरते. बोर्डवर चढवलेल्या ८×१० ला मागे १२ मिलिमीटरच्या चार निओडिमियम चकत्या लागतात. चकत्या इपॉक्सीने पक्क्या चिकटवा. सुटी चकती लहान मुलाने गिळली तर जिवावर बेतू शकते. पत्रा घेताना खिशात एक चुंबक ठेवा : ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील चकाकते छान, पण चुंबक जवळपास धरत नाही. हीच गोष्ट फ्रिजच्या चुंबकांना लागू आहे. काही फ्रिजच्या दारांवर ते टिकत नाहीत, हे विकतानाच सांगितलेले बरे.

प्रश्न : काउंटरवरचा नमुना मग सुरेख आहे, पण ऑर्डरचे मग कधी फिके, कधी डागाळलेले निघतात.

नमुन्याचा मग बाहेरून आणला असेल तर आधी तो हटवा आणि तुमच्याच प्रेसवर, म्हणजे कागदावर छापलेले चित्र उष्णतेने मगावर उतरवणाऱ्या यंत्रावर, केलेला ठेवा. गिऱ्हाईक जे बघेल तेच मिळाले पाहिजे.

बहुतेक मगप्रेसवर १८० ते २०० अंश सेल्सिअस आणि दोन ते तीन मिनिटे हा पल्ला असतो, पण पडद्यावरचा आकडा आणि प्रत्यक्ष उष्णता यांत फरक असतो. म्हणून गडद काळा, मधला करडा आणि चेहऱ्याचा रंग अशा तीन पट्ट्यांची चाचणी प्रिंट करा आणि एकेका मगावर वेळ १५ सेकंदांनी बदलत जा. काळा तपकिरी राहिला तर उष्णता किंवा वेळ कमी पडला. कडा पसरल्या आणि रंग मळकट झाले तर जास्त झाला. दांड्याजवळ आणि तळाशी फिके येत असेल तर तिथे प्रेसचा दाब पोचत नाही. साध्या ३२५ मिलिलिटरच्या मगावर चित्र साधारण २० सेंटिमीटर रुंद आणि साडेआठ उंच ठेवा, चेहरे त्याच्याही एक सेंटिमीटर आत. ढगांसारखे डाग आले तर कागद दमट होता; वापरण्यापूर्वी काही सेकंद गरम करून घ्या. चित्राची दुहेरी सावली दिसली तर कागद सरकला. उष्णतेला टिकणारी टेप तीन बाजूंनी लावा आणि प्रेसमधून मग काढल्यावर कागद एका झटक्यात ओढा. चित्र आरशातल्यासारखे उलटे छापायचे हे नवा माणूस हमखास विसरतो.

उष्णतेने शाई उतरवण्याच्या या पद्धतीत (सब्लिमेशनमध्ये) पांढरी शाई नसते. फोटोतला पांढरा म्हणजे मगाचाच पांढरा, म्हणून साध्या गडद मगावर हे काम होत नाही. गरम झाल्यावर चित्र दाखवणारा काळा मग वेगळा : आत पांढरा लेप, वर उष्णतेने पारदर्शक होणारा काळा थर. तो बंद कपाटात ठेवून विकला जात नाही. एक थंड आणि एक गरम पाण्याने भरलेला असे दोन शेजारी ठेवा, थर्मास हाताशी असू द्या. घासणीने तो थर जातो, ही सूचना खोक्यावरच छापा.

प्रश्न : कॅलेंडरचा नमुना सगळे चाळतात, ऑर्डर कोणी देत नाही.

बारा महिने आणि मुखपृष्ठ मिळून तेरा फोटो निवडायचे असतात. माणूस उभ्या उभ्या तीन निवडतो, मग 'घरी बघून सांगतो' म्हणतो आणि येत नाही. शेजारी एका पानाचे, एकाच फोटोचे वर्षभराचे कॅलेंडर ठेवा. तोच फोटो त्याला आधीच आठवलेला असतो, त्यामुळे ते जागच्या जागी ठरते. तेरा फोटोंचे कॅलेंडर हवेच असेल त्याच्या हातात तेरा रिकाम्या चौकोनांची चिठ्ठी द्या. नमुना नेहमी येणाऱ्या वर्षाचा असावा.

फोटोबुकचीही हीच गत. जाडजूड नमुना दाखवला की काम मोठे वाटते. २० पानांचा ठेवा. साध्या बांधणीत मधल्या खाचेत सेंटिमीटरभर भाग गडप होतो, म्हणून नमुन्यात एक पान मुद्दाम असे लावा की माणूस खाचेपासून बाजूला सरकवलेला दिसेल. सपाट उघडणारी बांधणी शेजारी असली की जास्त किमतीचे कारण आपोआप कळते.

प्रश्न : ग्लॉसी की मॅट, हे लोकांना ठरवता येत नाही. दिव्यांखाली सगळेच चकाकते.

एकाच फोटोच्या ग्लॉसी, मॅट, सिल्क आणि मेटॅलिक प्रिंट एका कडीत ओवून हातात द्या. ग्लॉसीवर बोटांचे ठसे उमटतात, हे तिथेच दिसते. सिल्कचा पोत स्कॅन करताना अडचण करतो, तेही सांगा. दिवे वरून उभ्या रेषेशी ३० अंशांच्या कोनात टाका, म्हणजे परावर्तन डोळ्यांत न येता खाली जाते. ४००० ते ५००० केल्विनचे (फार पिवळे नाहीत, फार निळेही नाहीत) आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या पुढे असलेले दिवे घ्या. पिवळ्या दिव्याखाली मंजूर केलेली प्रिंट घरी निळसर वाटते.

प्रश्न : काचेतले नमुने फिकट पडतात. किती दिवसांनी बदलावेत?

ठराविक मुदत नाही, ऊन किती येते त्यावर आहे. त्याच प्रिंटची दुसरी प्रत पाकिटात अंधारात ठेवा आणि दर महिन्याला शेजारी धरून बघा. फरक दिसला की बदला. अतिनील किरण अडवणारी फिल्म वेग कमी करते, थांबवत नाही.

प्रश्न : गिऱ्हाइकांचेच छान फोटो मांडणीत वापरले तर चालतील का?

लेखी परवानगी घेऊनच. फोटोत मूल असेल तर पालकांची घ्या, आणि फोटो दुसऱ्याने काढला असेल तर काढणाऱ्याचीही. काचेत, फलकावर की समाजमाध्यमांवर, हे कागदावर लिहून घ्या आणि केव्हाही काढून घेण्याची मुभा ठेवा. ऑर्डरच्या यंत्रावरच्या फायली काम झाल्यावर पुसा, आणि त्याचा पडदा रांगेतल्या लोकांकडे वळलेला नाही ना, तेही बघा.