सात सीटर गाडी घेताना शोरूममध्ये भाव कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात सहा माणसं, आई-वडील सत्तरीला टेकलेले, जुनी हॅचबॅक पुरत नाही, पुण्यात एक्स-शोरूम १२ लाखांच्या आसपासची पेट्रोल सात सीटर घ्यायची आहे. शोरूममध्ये मात्र "या मॉडेलवर डिस्काउंट नाहीच, सर" असं सांगून तुमची बोळवण केली. तर भाव कसा काढायचा?

तो सेल्समन एका अर्थी खरंच बोलतोय. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते. त्यात डीलरचा वाटा एक आकडी टक्क्यांचा असतो आणि त्यातूनच जागेचं भाडं, पगार, यार्डात उभ्या गाड्यांवरचं व्याज जातं. तिथे डोकं आपटून फार काही हाती लागत नाही. डीलर खरं कमावतो ते खालच्या ओळींमध्ये: इन्शुरन्स, लोन, अॅक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी, जुन्या गाडीचा व्यवहार. मी काही वर्षं नाशिकला एका डीलरकडे हिशेबाच्या टेबलावर होतो. माणसं एक्स-शोरूमवर तास तास हुज्जत घालायची, शेवटी फुकटचे फ्लोअर मॅट मिळाले म्हणून खुशीत बाहेर पडायची आणि इन्शुरन्सच्या ओळीकडे न बघता सही करायची. डीलरलाही तेच हवं असायचं.

म्हणून पहिलं काम एवढंच करा: ऑन-रोड किमतीचं, म्हणजे कर, नोंदणी, विमा सगळं धरून होणाऱ्या किमतीचं, ओळीओळीचं कोटेशन मागा. तोंडी नको, एका गोळाबेरीज आकड्यात नको. मग त्यातल्या सरकारच्या ओळी कुठल्या आणि डीलरच्या कुठल्या ते वेगळं करा.

सरकारच्या ओळी तुम्ही स्वतः काढू शकता. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांमध्ये १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के रोड टॅक्स आहे. म्हणजे १२ लाखांच्या गाडीला १ लाख ४४ हजार. नोंदणी फी ६०० रुपये, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १५०० आणि वर किरकोळ. कोटेशनमध्ये ‘आरटीओ’ समोर याहून दहा-पंधरा हजार जास्त दिसले तर फरक कशाचा ते विचारा आणि टॅक्सची सरकारी पावती मिळेल ना, हेही तिथेच विचारून घ्या. पावतीचा विषय निघाला की आकडा पुष्कळदा आपोआप खाली येतो. गाडी फर्मच्या नावावर घ्यायचा सल्ला कुणी दिला तर आधी टॅक्स बघा, कंपनीच्या नावावर तो २० टक्के लागतो.

१० लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ आयकर, असतो, तुमच्या बाबतीत १२ हजार. हा खर्च नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. फक्त गाडी ज्याच्या नावावर घ्याल, पॅन त्याचाच लागेल. वडिलांच्या नावावर घेतलीत आणि ते रिटर्न भरत नसतील तर तेवढ्यासाठी रिटर्न भरावं लागेल.

जाता जाता: सीएनजीला टॅक्स कमी आहे. १ जुलै २०२५ पासून तो एक टक्क्याने वाढला, तरी या किमतीला ९ टक्केच बसतो. पण सीएनजी व्हेरियंटची मूळ किंमतच जास्त असते आणि तिसरी रांग उघडल्यावर मागे उरलेल्या जागेतही टाकी येते. सहा माणसं सामानासकट गावी जाणार असतील तर एकदा टाकीवाली गाडी मागून उघडून बघा, मग ठरवा.

आता डीलरच्या ओळी. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ नावाने पाच-दहा हजार लावलेले असतील तर ते सरळ काढायला सांगा. यार्डातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च तुमचा नाही आणि हा कुठला सरकारी करही नाही. ‘एसेन्शियल किट’, टेफ्लॉन, सिरॅमिक कोटिंग यांचंही तसंच. नको असेल तर नको म्हणा. "सगळ्या गाड्यांना बसवूनच येतं" असं उत्तर आलं तर "मग न बसवलेली गाडी द्या" म्हणायचं.

सगळ्यात मोठा पैसा इन्शुरन्समध्ये आहे, म्हणून इथे जरा थांबतो. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याचा दर सरकारने ठरवलेला असतो. १००० ते १५०० सीसीच्या खाजगी गाडीला २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे १०,६४० रुपये आणि वर जीएसटी. हा कुठेही घ्या, तेवढाच. कमी-जास्त होतं ते ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि अॅड-ऑनमध्ये. डीलरचं कोटेशन घ्या, मग त्याच गाडीचं बाहेरचं कोटेशन काढा, पण तुलना बरोबरीची हवी. आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, तीच (नव्या गाडीला एक्स-शोरूमच्या ९५ टक्के, म्हणजे १२ लाखांना ११ लाख ४० हजार), झिरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापणं) तेच, इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर बिलाएवढी रक्कम) घेणार असाल तर दोन्हीकडे घ्या. नाहीतर बाहेरचा एजंट आयडीव्ही दीड लाखाने उतरवून ‘स्वस्त’ पॉलिसी देईल आणि तुम्ही डीलरला लुटारू ठरवाल.

बरोबरीची तुलना करूनही बऱ्यापैकी फरक निघतो. तो कागद सेल्समनसमोर ठेवला की ठरलेली वाक्यं येतात. "बाहेरची पॉलिसी असेल तर कॅशलेस होणार नाही." कॅशलेस हे विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही यावर ठरतं; पॉलिसी कुणाकडून घेतली त्याचा संबंध नाही. करार आहे का, ते विमा कंपनीला विचारून घ्या. "वॉरंटी जाईल." नाही जात. "आमच्याकडूनच घ्यावी लागते." विमा कंपनी निवडायचा हक्क ग्राहकाचा आहे, विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमाप्रमाणे डीलर सक्ती करू शकत नाही. हे सगळं आवाज न चढवता म्हणायचं. बहुतेक वेळा तो आत जाऊन येतो आणि म्हणतो, "सर, तेवढ्यातच करून देतो." मग त्याच्याकडूनच घ्या, काही बिघडत नाही. एखादा म्हणेल की इन्शुरन्स बाहेरून घेतलात तर कॅश डिस्काउंट मिळणार नाही. तेव्हा दोन्ही बाजूंची अंतिम बेरीज मांडून बघायची आणि जी कमी ती घ्यायची. तत्त्वासाठी भांडायला आपण गेलेलो नाही.

याच ओळीत तुमचे आणखी पैसे अडकलेले आहेत. जुन्या हॅचबॅकवर सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के नो क्लेम बोनस साठलेला असतो. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं की नव्या गाडीच्या ओन डॅमेज हप्त्यात तेवढी सूट मिळते. पत्र तीन वर्षं चालतं. मात्र जुनी गाडी वडिलांच्या नावावर आणि नवी तुमच्या नावावर असेल तर बोनस येत नाही. नवी गाडी कुणाच्या नावावर घ्यायची हे ठरवताना हे आणि वरचं टीसीएस, दोन्ही एकदम बघा. शोरूममध्ये हा विषय आपणहून कुणी काढत नाही.

जुनी गाडी एक्स्चेंजला देणार असाल तर तिची किंमत आधी बाहेर दोन-तीन ठिकाणी काढून या. शोरूममध्ये एक जुनी युक्ती चालते: गाडीचं मूल्य ४० हजारांनी कमी धरायचं आणि मग ‘३० हजार एक्स्चेंज बोनस’ म्हणून हसत हसत द्यायचा. मूल्य वेगळं लिहून मागा, बोनस वेगळा. नव्या गाडीचा भाव ठरेपर्यंत जुनीचा विषयच काढू नका, नाहीतर इकडचे पैसे तिकडे फिरत राहतात आणि तुम्हाला काय मिळालं ते कळत नाही.

कर्जाचं थोडक्यात: आधी स्वतःच्या बँकेतून मंजुरीपत्र घेऊन जा. डीलरला कर्जामागे बँकेकडून कमिशन मिळतं, त्यामुळे "आमच्याकडून लोन घेतलंत तर अजून काही करता येईल" हे खरंही असू शकतं. फक्त व्याज फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ रकमेवर) आहे की रिड्युसिंग (उरलेल्या रकमेवर) ते विचारा. पाच वर्षांना ६ टक्के फ्लॅट म्हणजे रिड्युसिंगने जवळजवळ ११ टक्के पडतात. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडल्यास दंड किती, हेही त्याच दमात.

एवढं झाल्यावर मूळ किमतीकडे या, कारण तिथे अजिबातच काही सुटत नाही असंही नाही. कुठली गाडी मागता त्यावर ते अवलंबून आहे. वेटिंग असलेल्या व्हेरियंटवर कुणी रुपया सोडणार नाही, आणि का सोडावा? पण मारुतीची एर्टिगा बघत असाल तर टोयोटाच्या शोरूममध्ये जाऊन रुमियन बघा. २०२३ मध्ये आलेली ही गाडी मुळात एर्टिगाच आहे, पुढची जाळी आणि बिल्ला वेगळा. एकीकडे वेटिंग असताना दुसरीकडे गाडी यार्डात उभी, असं होऊ शकतं. एक्सएल६ त्याच घराण्यातली, पण सहा सीटची आणि मारुतीच्याच नेक्सा शोरूममध्ये मिळणारी. तुम्ही सहाच आहात, तेव्हा मधल्या रांगेतल्या दोन स्वतंत्र खुर्च्या आई-वडिलांना सोयीच्या वाटतील का, ते त्यांनाच बसवून बघा. किआने २०२५ मध्ये कॅरेन्स क्लॅव्हिस आणली आणि जुनी कॅरेन्सही चालू ठेवली. अशा वेळी जुन्या रूपातल्या, यार्डात राहिलेल्या गाडीवर बोलायला वाव असतो. रेनॉची ट्रायबर चार मीटरच्या आत असल्याने करात बरीच स्वस्त पडते, पण तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाला बसवून तासभर फिरवल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

नात्यातल्या कुणाच्या २०२४ च्या बिलाशी मात्र तुलना करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. एर्टिगासारख्या गाड्यांवरचा एकूण कर ४५ वरून ४० टक्क्यांवर आला, ट्रायबरसारख्या छोट्यांवरचा २९ वरून १८ वर.

वेळेचं म्हणाल तर महिनाअखेर आणि मार्च-डिसेंबर हे सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबरातली सूट मोठी असते, पण उत्पादनाचं साल जुनं राहतं आणि विकताना ते मोजलं जातं. दहा वर्षं वापरणार असाल तर चिंता नाही, चार वर्षांत बदलणार असाल तर हिशेब करा. आपल्याकडची खरी मोक्याची वेळ म्हणजे पितृपक्ष. त्या पंधरवड्यात शोरूममध्ये शुकशुकाट असतो आणि मॅनेजर स्वतः चहा विचारतो. घरच्यांना तेव्हा गाडी आणायची नसेल तर भाव ठरवून घ्या, बुकिंग करा आणि डिलिव्हरी दसऱ्याला घ्या. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा या दिवसांच्या तोंडावर भाव करायला जाणं म्हणजे वरातीत उभं राहून मानपानाची बोलणी करण्यासारखं आहे. (२०२५ चा पितृपक्ष याला अपवाद होता. सर्वपित्री अमावास्या संपली आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापनेलाच नवा जीएसटी लागू झाला, त्यामुळे सगळेच थांबले होते.)

कोटेशन किमान दोन डीलरांचं घ्या, पण दोन शोरूम म्हणजे दोन डीलर असं समजू नका. एकाच मालकाची शहरात चार शोरूम असतात. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक बघा. तोच असेल तर तुम्ही एकाच माणसाला दोनदा भाव विचारला आहे. पुण्यात हवे तितके डीलर आहेत, वर पिंपरी-चिंचवड. कॉर्पोरेट डिस्काउंट विचारा, ऑफिसचं ओळखपत्र दाखवा. सरकारी नोकर, शिक्षक, डॉक्टर यांनाही काही कंपन्या देतात, पण आपण विचारल्याशिवाय क्वचित सांगतात. वडील माजी सैनिक असतील तर सीएसडी कॅन्टीनचा दर आणि पात्रता आधी बघा, मग वरचं निम्मं वाचायची गरजच नाही.

प्रत्यक्ष बोलणी मॅनेजरशी करा, आणि सेल्सच्या पोराला दुखवू नका. त्याच्या हातात काही नसतं, पण आत जाऊन तुमची बाजू तोच मांडणार असतो. "अजून किती कमी होईल?" असं विचारू नका. त्याऐवजी म्हणा, "हा रंग, हे व्हेरियंट, सगळं धरून ऑन-रोड एवढे, आणि आज बुकिंग करतो." चेकबुक सोबत असू द्या. नाही म्हणाले तर नंबर देऊन शांतपणे निघा. महिनाअखेर जवळ असेल तर फोन येण्याची शक्यता बरीच असते.

बुकिंगचे पैसे डीलरशिपच्या खात्यात भरा, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. पावतीवर गाडीचं व्हेरियंट, रंग, कबूल केलेली सूट आणि रद्द केल्यास किती परत, हे लिहून घ्या. बुकिंग फॉर्मवर बारीक अक्षरात ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू’ असं असतं, ते कुणी काढून देत नाही. पण तुमची सूट तरी कायम राहील असं ईमेलवर मिळवा.

उरलेले पैसे भरण्याआधी आणि नोंदणी होण्याआधी यार्डात जाऊन गाडी बघा, दिवसाउजेडी. चॅसिस नंबर टिपून घ्या आणि उत्पादनाचा महिना बघा. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, तो लिहिलेला असतो. चार-पाच महिने उन्हात उभी असलेली गाडी निघाली तर ती नाकारा, नाहीतर त्याच जागी उभं राहून आणखी थोडी किंमत कमी करून घ्या. नोंदणी झाल्यावर यातलं काहीच करता येत नाही.