आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) ख्रिस्तशरीराविषयीची, म्हणजे मिस्सा या उपासनेत पवित्र केलेल्या भाकरीविषयीची, भक्ती वाढावी म्हणून काय करता येईल? चोवीस तास आराधनेचं, म्हणजे ख्रिस्तशरीरासमोर रात्रंदिवस प्रार्थना चालेल असं चॅपल काढावं का?

चॅपल काढा, पण सगळ्यात शेवटी. आधी धर्मग्रामातल्या आजाऱ्यांची यादी काढा.

तुम्ही लिहिलंय की रविवारी चर्च भरतं, कम्युनियनची (ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची) रांगही मोठी असते, पण शेवटच्या आशीर्वादाच्या आत अर्धी माणसं गाड्या काढायला पळालेली असतात. त्यावर उपाय म्हणून पॅरिश कौन्सिलपुढे चोवीस तास आराधनेच्या चॅपलचा प्रस्ताव आलाय आणि एक देणगीदारही तयार आहे. मी वसईची. पहिल्या कम्युनियनच्या मुलांना धर्मशिक्षण देते, काही वर्षं कौन्सिलवरही होते. असे प्रस्ताव कसे जन्माला येतात ते जवळून पाहिलंय. कोणीतरी दुसऱ्या धर्मग्रामातलं एसी चॅपल बघून आलेलं असतं, आणि संगमरवराचे दर विचारून झाले तरी तिथे बसणार कोण हा प्रश्न निघालेला नसतो.

तो आधी काढा. आठवड्याचे तास 168. मॉन्स्ट्रन्समध्ये (सगळ्यांना दिसावं म्हणून असलेल्या उभ्या पात्रात) ख्रिस्तशरीर उघडं ठेवलं की त्याच्यासमोर कोणी ना कोणी असलंच पाहिजे, तिथे एकटं सोडून जायचं नसतं. एकाला ताप आला, एकाची गाडी चुकली म्हणून दर तासाला निदान दोघं धरा, म्हणजे दर आठवड्याला 336 नावं. त्यातल्या रात्री एक ते चारच्या नावांचं काय? आमच्याकडे तर कितीतरी घरांतली माणसं अंधारातच भाजी-फुलं घेऊन दादरची गाडी धरतात. पहिले काही महिने उत्साहात जातात, मग सगळा भार निवृत्त झालेल्या चार बायकांच्या गुडघ्यांवर येतो. शिवाय कायमच्या आराधनेला बिशपांची परवानगी लागते, आणि तेही हाच हिशेब विचारतील.

आता आजाऱ्यांचं. चर्चमध्ये ख्रिस्तशरीर राखून ठेवायला सुरुवात कशासाठी झाली? 155 च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन यांनी ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय. त्यात ते सांगतात की जे हजर नसत त्यांच्या घरी डीकन (धर्मगुरूंचे सहायक) ख्रिस्तप्रसाद पोचवत, आणि गोळा झालेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले यांची सोय होई. मिस्साबाहेरच्या ख्रिस्तशरीर-भक्तीसाठी व्हॅटिकनने 1973 साली जो विधी काढला, त्यातही हाच क्रम आहे: राखून ठेवण्याचं पहिलं कारण मरणाच्या वाटेवरच्या माणसाला शेवटचं कम्युनियन देता यावं हे, त्यानंतर मिस्साबाहेर कम्युनियन देणं आणि आराधना. आपण हा क्रम उलटा करतो. आराधनेला फुलांची आरास, आणि खाटेला खिळलेल्या आजीला महिन्यातून एकदा, तेही फादरांना वेळ झाला तर.

करायचं कसं? कम्युनियन द्यायला नेमलेले प्रापंचिक (फादर-सिस्टर नसलेली साधी माणसं) तुमच्याकडे असतीलच. नसतील तर फादरांना सांगून, बिशपांच्या परवानगीने तयार करून घ्या. महत्त्वाचं असं की त्यांनी मंगळवारी दुपारी कोणाला न दिसता सॅक्रिस्टीतून (फादरांच्या तयारीच्या खोलीतून) डबी घेऊन जाऊ नये. रविवारच्या मिस्सामध्येच, कम्युनियन झाल्यावर फादरांनी त्यांना वेदीपुढे बोलवावं, प्रत्येकाच्या हाती पिक्स (ख्रिस्तशरीर न्यायची ती डबी) द्यावी आणि सगळ्यांच्या देखत पाठवावं. वाटेत बाजारहाट नाही, गप्पा नाहीत, थेट घरी. त्या घराला आदल्या दिवशी कळवलेलं असावं: टेबलावर स्वच्छ पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पाण्याचा पेला, आणि टीव्ही बंद. तिथे त्या रविवारचं शुभवर्तमान वाचायचं, म्हणजे आजारी माणूस त्याच मिस्साला जोडला जातो. घरात त्या वेळी असलेल्या सुना-मुलांनाही उभं राहावं लागतं, आणि मिस्साला येणं सोडून दिलेला एखादा मुलगा दाराशी घुटमळताना दिसतो. त्याला काही बोलू नका. पुढच्या रविवारी पुन्हा जा.

मी माझ्या वर्गातल्या मुलांना त्यांच्या आईवडिलांसोबत अशा घरी पाठवते. "टीचर, त्या आजीला काहीच आठवत नव्हतं, पण 'ख्रिस्ताचं शरीर' म्हटल्यावर आमेन बरोबर म्हणाली," असं एक मुलगी वर्गात येऊन सांगते, तेव्हा माझं महिन्याभराचं शिकवणं त्यापुढे फिकं पडतं.

मुलांचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकते. पोप पायस दहावे यांनी 1910 साली पहिल्या कम्युनियनचं वय साधारण सातवर आणलं. त्याआधी बऱ्याच ठिकाणी मुलांना दहा-बारा वर्षांपर्यंत थांबवत. त्यांची अट साधी होती: ही नेहमीची भाकर नाही, एवढं त्या पोराला आपल्या कुवतीनुसार कळलं पाहिजे. आज आपण त्याच पोराला सूट, हॉल, डीजे आणि तीन मजली केक देतो. पुढचा रविवार आला की आईवडील झोपलेले असतात आणि पोर घरी. दुसरं कम्युनियन कधी घेतलंस, असं मी मुलांना मुद्दाम विचारते. भक्ती कुठे गळते ते शोधायचं असेल तर त्या उत्तरांत शोधा. कौन्सिलला एवढं तरी ठरवता येईल की सोहळ्यानंतरच्या रविवारी ही सगळी मुलं त्याच कपड्यांत पुन्हा येतील आणि भाकर नि द्राक्षारस अर्पणाला घेऊन जातील.

मिस्साबद्दल थोडंसंच, कारण इथे सगळ्यांनाच मतं असतात. शांतता नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. मिस्सा सुरू होण्याआधी चर्चमध्ये आणि कम्युनियननंतर शांतता असावी, हे मिस्साच्या नियमांतच आहे. आमच्या कॉयरला हे पटवायला फार वेळ लागला. कम्युनियनचं गीत संपलं की लगेच दुसरं सुरू, ते संपतं तोवर माइकवर घोषणा: रक्तदान शिबिर, सहलीचे पैसे, पार्किंगमधली पांढरी गाडी. ज्याने नुकतंच प्रभूला स्वीकारलं त्याने त्याच्याशी बोलायचं कधी? दोन मिनिटं कोणीही काही वाजवू-बोलू नये, फादरांनीही बसून राहावं. सुरुवातीला लोक खोकतात, इकडेतिकडे बघतात, मग सवय होते. आणि धर्मग्रामाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुप्रभातच्या गुलाबांऐवजी शुक्रवारी रविवारची वाचनं टाका. शुभवर्तमान आधी घरी वाचून आलेला माणूस प्रवचनात कमी डुलक्या घेतो.

हे सगळं रुळलं की आराधना. गुरुवारी संध्याकाळी एक तास, एवढ्यावर सुरुवात करा. तुमचा विश्वास बसणार नाही, पण त्या तासातली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे माइक बंद ठेवणं. आपल्याकडे आराधना म्हणजे रोझरी, नोव्हेना, लितानी, भक्तिगीतं, पुन्हा भक्तिगीतं आणि घाईघाईने आशीर्वाद. नुसता आशीर्वाद देण्यासाठी ख्रिस्तशरीर उघडं ठेवायला 1973 च्या त्या विधीत मनाई आहे. वाचन, गीत, प्रार्थना आणि शांत बसण्याला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. एक वाचन, एक गीत आणि निदान वीस मिनिटं कोणाचाही आवाज नाही, एवढं जमवा. त्याच वेळी बाजूला पापनिवेदनासाठी एक फादर बसले तर फारच छान. वर्षभर हा तास माणसांनी भरलेला राहिला, तर चॅपलचा विषय पुन्हा घ्या.

तरुणांना ओढायला संत कार्लो अकुतिस यांचं नाव हल्ली सगळेच घेतात, आणि घ्यावंही. 2006 साली, पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला हा इटलीतला मुलगा, ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांची (जसं, भाकरीचं रक्तमांस झाल्याच्या घटनांची) माहिती गोळा करून वेबसाइट बनवणारा, सप्टेंबर 2025 मध्ये संत झाला. त्याच माहितीवरचं चमत्कारांचं प्रदर्शन जरूर लावा. पण माझं मत विचाराल तर पोरांना त्यातली रक्ताची नि मांसाची चित्रंच तेवढी लक्षात राहतात, आणि हा मुलगा रोज मिस्साला जायचा हे राहत नाही. तेच आधी सांगा.

"हे समाजसेवेचं झालं, भक्तीचं काय?" असा आक्षेप तुमच्या कौन्सिलमध्ये कोणीतरी घेणारच. आमच्याकडेही घेतला होता. त्यांना पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय 11 वाचायला सांगा. प्रभुभोजनाला जमल्यावर काही जण पोटभर खाऊन-पिऊन घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौल तिथे भडकलाय. प्रभूने शेवटच्या रात्री भाकर घेतली, ती मोडली, हे त्याने त्याच रागाच्या भरात लिहिलंय. दुसरं उदाहरण घरचंच आहे. 1964 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईत ओव्हल मैदानावर जागतिक युखरिस्तिक काँग्रेस (ख्रिस्तशरीराच्या भक्तीसाठीचा मेळावा) भरली होती, पोप पॉल सहावे आले होते. भारतात आलेले ते पहिले पोप. जाताना त्यांनी इथे वापरलेली पांढरी लिंकन गाडी मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरनी तिची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरुग्णांच्या कामाला लावला. याच मदरच्या सिस्टर्स 1973 पासून रोज एक तास ख्रिस्तशरीराची आराधना करतात. कामाचा डोंगर असताना त्यांनी आराधना वाढवली, कमी नाही केली. म्हणजे भक्ती की सेवा हे भांडणच आपण उगाच उकरलेलं आहे.

राहता राहिला तुमचा देणगीदार. चॅपल लांबलं तर तो रुसेल ही भीती तुमच्या प्रश्नात दिसतेच. त्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नका. पिक्सचा एक चांगला संच घ्यायला सांगा, दोन व्हीलचेअर, आणि चर्चच्या पायऱ्यांशेजारी नीट उताराचा रॅम्प. आजाऱ्यांच्या यादीत अशी काही नावं नक्की निघतील की जी घरी पडून नाहीत, फक्त त्या पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून मिस्साला येत नाहीत. देणगीदाराच्या आईवडिलांच्या नावाची पाटी रॅम्पलाही लावता येते.